किल्ले जिंकणाऱ्या भाऊंची हरलेली लढाई

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, तासगावात रथोत्सव असतो. सांगली जिल्ह्यातील हे गाव आज द्राक्षे आणि बेदाण्यासाठी ओळखले जाते. पण त्या दिवशी पंचक्रोशीतील माणसे येतात ती गणपतीचा रथ ओढण्यासाठी. हजारो हात दोरखंडाला लागतात आणि उंच रथ गणपती मंदिरापासून काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन परत येतो. मंदिरासमोर दाक्षिणात्य धाटणीचे सात मजली गोपुर उभे आहे. कृष्णाकाठच्या देवळांत असे गोपुर सहसा दिसत नाही. गाभाऱ्यात उजव्या सोंडेचा गणपती आहे.

हे मंदिर बांधविले परशुराम रामचंद्र पटवर्धन यांनी. मराठेशाहीच्या अखेरच्या पर्वातील हे थोर सेनानी इतिहासात परशुरामभाऊ या नावाने ओळखले जातात. १७७९ साली सुरू झालेले मंदिराचे काम पूर्ण झाले १७९९ साली, आणि त्याच वर्षी भाऊ रणांगणावर पडले. बोरघाटात इंग्रजांना मागे रेटणारे, टिपूच्या हातून धारवाड घेणारे आणि खर्ड्यावर मराठी फौजांचे सरसेनापती असलेले भाऊ तासगावकरांना चांगले ठाऊक आहेत. त्यांच्या आयुष्यातील आणखी एका लढाईचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. ती लढाई त्यांच्या घरात सुरू झाली, शास्त्र्यांच्या दारात लढली गेली आणि तीत भाऊंनी माघार घेतली. राजसत्ता आणि धर्मसत्ता यांच्या झगड्याचा आपल्या मातीतील इतका बोलका दाखला दुसरा सापडणे कठीण आहे.

भिक्षुकीतून सरदारीकडे

पटवर्धनांचे मूळ गाव कोकणातील कोतवडे. घराण्याचे मूळ पुरुष हरभट हे गणपतीचे निष्ठावंत उपासक होते. गणपतीपुळ्याला त्यांनी दीर्घकाळ अनुष्ठान केल्याची घराण्यातील परंपरा आहे. पुढे ते देशावर आले आणि इचलकरंजीच्या घोरपड्यांचे उपाध्ये झाले. या घोरपड्यांच्या घरात पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या अनुबाई दिली गेली आणि त्या सोयरिकीमुळे हरभटांच्या मुलांना पुण्याच्या दरबाराची वाट मोकळी झाली. गोविंद हरी, रामचंद्र हरी आणि त्र्यंबक हरी या तीन भावांनी पळी-पंचपात्री बाजूला ठेवून तलवार हाती घेतली. रामचंद्र हरी यांचे पुत्र ते परशुरामभाऊ. त्यांचा जन्म १७४० च्या सुमारास झाला.

थोरल्या माधवरावांनी १७६४ च्या सुमारास पटवर्धनांना मोठा सरंजाम लावून दिला. त्यामागे स्पष्ट राजकीय हेतू होता. दक्षिणेत हैदरअली प्रबळ होत होता आणि कोल्हापूरच्या छत्रपतींशी पेशव्यांचे कधीच पुरते जमले नव्हते. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या दरम्यान विश्वासू सरदारांची एक भिंत उभी करणे पुण्याला आवश्यक होते. मिरज, कुरुंदवाड आणि तासगाव ही त्या भिंतीची ठाणी ठरली. भाऊंनी तासगाव हे आपले मुख्य ठाणे केले.

घराण्याचे पुढारपण त्यांच्याकडे आले ते दुःखाच्या वाटेने. मिरजेचे पराक्रमी गोपाळराव १७७१ साली वारले. १७७७ साली धारवाडजवळच्या सौंशी येथे हैदरच्या सैन्याशी झालेल्या लढाईत कोन्हेरराव पटवर्धन मारले गेले. पांडुरंगराव कैद झाले आणि श्रीरंगपट्टणच्या बंदिवासातच त्यांचा अंत झाला. त्यानंतर पटवर्धनांच्या फौजेचा सारा भार भाऊंच्या खांद्यावर आला. १७८१ साली जनरल गॉडर्ड बोरघाट चढून खंडाळ्यापर्यंत आला. हरिपंत फडके, तुकोजी होळकर आणि भाऊ यांनी त्याची रसद तोडून त्याला इतके हैराण केले, की त्याला मोठे नुकसान सोसून पनवेलकडे परतावे लागले. भाऊंचे नाव तेव्हापासून इंग्रजांच्या कागदपत्रांतही आदराने येऊ लागले.

म्हणजे अवघ्या दोन पिढ्यांत उपाध्यांचे घर सेनापतींचे घर झाले. पण उपाध्येपणाचे संस्कार, सोवळे-ओवळे आणि ज्ञातीतील मानमरातब हे सारे त्या घरात तसेच राहिले. भाऊंच्या पुढील आयुष्यातील पेच समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

दोन सत्तांचा झगडा

राजा मोठा की धर्मगुरू, हा प्रश्न जगात बहुतेक ठिकाणी उपस्थित झाला आहे. इंग्लंडच्या इतिहासाचा तर तो कणाच आहे. दुसऱ्या हेन्रीच्या सरदारांनी ११७० साली कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याचा चर्चमध्येच वध केला; परंतु चारच वर्षांनी त्या बलाढ्य राजाला अनवाणी चालत जाऊन बेकेटच्या समाधीपुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. जॉन राजाने पोप तिसऱ्या इनोसंटशी वैर धरले, तेव्हा पोपने १२०८ साली साऱ्या इंग्लंडातील धर्मविधी बंद पाडले आणि पुढच्या वर्षी राजाला बहिष्कृत केले. अखेर १२१३ साली जॉनने शरणागती पत्करली आणि आपले राज्य पोपकडून मिळालेले वतन असल्याचे मान्य करून वार्षिक खंडणी कबूल केली.

आठव्या हेन्रीने हे सारे उलटे फिरवले. त्यालाही निमित्त झाले ते एका विवाहाचे. कॅथरीन राणीशी झालेला आपला विवाह रद्द ठरवावा, अशी त्याची रोमकडे मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा त्याने युरोपातील विद्यापीठांकडून अनुकूल अभिप्राय गोळा केले. तेही रोमने जुमानले नाहीत, तेव्हा १५३४ साली कायदा करून तो स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला आणि पुढील काही वर्षांत त्याने देशभरचे मठ खालसा केले.

आपल्याकडे पोप नव्हता. शंकराचार्यांची पीठे होती, काशी, पैठण, नाशिक, वाई, कऱ्हाड अशी विद्येची क्षेत्रे होती, आणि पेशवाईत पुण्याचे शास्त्री होते. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत धर्मविषयक कामांसाठी पंडितराव हे पद होते. पेशव्यांच्या काळात दरसाल श्रावणात पुण्याला हजारो ब्राह्मण दक्षिणेसाठी जमत. पेशवे स्वतः ब्राह्मण असल्यामुळे राज्य आणि धर्म यांच्यातील सीमारेषा फारच पुसट झाली होती. सरकार धर्मनिर्णयाची अंमलबजावणी करी, प्रायश्चित्ते देववी, वाळीत टाकलेल्यांची प्रकरणे ऐके. तरीही शास्त्री ताठ उभा राहिला तर काय होते, हे पुण्याने पाहिले होते. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला. त्या पातकाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, असा निर्णय साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना तोंडावर सांगितला आणि पुणे सोडले. बेकेटचा जीव गेला, रामशास्त्र्यांचे न्यायासन गेले. पण दोघांच्याही शब्दाचे वजन मारणाऱ्यांच्या शस्त्राहून भारी ठरले. पुढे बारभाईंच्या कारभारात रामशास्त्री सन्मानाने परत आले.

मुलीसाठी मागितलेला कौल

याच रामशास्त्र्यांच्या काळात भाऊंच्या घरावर आघात झाला. त्यांच्या कन्येचे लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे अगदी लहानपणी झाले होते. जावई अल्पावधीतच वारला. संसार म्हणजे काय हे ठाऊक होण्याआधीच मुलगी विधवा झाली. ब्राह्मण घरातील विधवेचे पुढील आयुष्य कसे असे, हे सांगायला नको. केशवपन, आलवण, एकभुक्त राहणे, मंगलकार्यात तोंड न दाखवणे आणि माहेरी किंवा सासरी आयुष्यभर राबणे, हेच तिच्या ललाटी असे. घर सरदाराचे असले, तरी त्यात फरक पडत नसे.

भाऊंना हे सहन होईना. मुलीचा पुनर्विवाह करावा, असे त्यांच्या मनाने घेतले. त्या काळच्या एका कर्मठ चित्पावन सरदाराच्या मनात हा विचार यावा, हेच विलक्षण होते. मराठ्यांत आणि इतर अनेक जातींत पाट लावण्याची चाल होती. ब्राह्मणांत ती नव्हती आणि नसण्यातच त्यांचे मोठेपण मानले जाई. भाऊंनी मात्र चोरून काही केले नाही आणि दरबारातील आपले वजन वापरून लग्न उरकूनही टाकले नाही. त्यांनी शास्त्राचा कौल मागितला. विवाह झाला तो नावापुरता, वर वारला तेव्हा कन्या अजाण होती, अशा स्थितीत तिचे पुन्हा लग्न करण्यास शास्त्राची आडकाठी आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रसंग परंपरेने जसा सांगितला जातो त्यानुसार काशीच्या पंडितांचा अभिप्राय अनुकूल आला. रामशास्त्र्यांचे मतही प्रतिकूल नव्हते, असे सांगितले जाते. स्मृतिग्रंथांत आधार शोधू गेल्यास सापडत होता. पराशरस्मृतीतील वचनाचा आधार पुढे ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आणि आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी घेतलाच. परंतु पुण्यातील ब्रह्मवृंदात याविरुद्ध मोठी कुजबूज सुरू झाली. ग्रंथात काहीही असो, लोकाचार त्याविरुद्ध आहे, असा एकंदर सूर होता. भाऊंनी हे लग्न केलेच, तर त्यांच्या घरी जेवायला कोण बसणार, त्यांच्या इतर मुलाबाळांच्या सोयरिकी कुठे जुळणार, त्यांच्या घरचे श्राद्धपक्ष कोण चालवणार, हे प्रश्न पुढे आले. अखेर भाऊंनी विचार सोडून दिला. मुलगी विधवाच राहिली.

येथे आठव्या हेन्रीची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोघांचाही प्रश्न विवाहाचा होता. दोघांनीही विद्वानांचे अभिप्राय मागवले आणि दोघांनाही काही अनुकूल अभिप्राय मिळाले. हेन्री स्वतःसाठी आणि गादीला वारस मिळावा म्हणून भांडत होता. भाऊ एका अजाण मुलीसाठी. भाऊंचा हेतू अधिक निर्मळ होता, तरी भांडण अखेरपर्यंत नेले ते हेन्रीने. याचे कारण केवळ स्वभावात शोधणे अन्यायाचे होईल. हेन्रीपुढे एक रोम होते, एक पोप होता. त्याचा अधिकार झुगारला की झगडा संपत होता. भाऊंनी झुगारायचे कोणाला? काशीने होकार दिलेला होता. शंकराचार्यांचे पीठही एक नव्हे. अडवणूक करणारी सत्ता कुठल्याच सिंहासनावर बसलेली नव्हती. ती पंगतीत होती, सोयरिकीत होती, शेजारच्या पानावर बसणाऱ्या माणसाच्या नकारात होती. तोफा लावाव्यात असा तिचा एकही बुरूज नव्हता. शिवाय भाऊंची सरदारी पेशव्यांकडून आलेली असली, तरी त्यांचे ब्राह्मण्य त्या पंगतीकडूनच आलेले होते. हरभटांच्या नातवाला ते पणाला लावणे जमले नाही.

धारवाड आणि शृंगेरी

भाऊंच्या कीर्तीचा कळस झाला तो टिपूविरुद्धच्या तिसऱ्या युद्धात. इंग्रज, निजाम आणि मराठे यांची युती झाल्यावर १७९० च्या सप्टेंबरात भाऊंनी धारवाडला वेढा घातला. किल्ल्यात टिपूचा कसलेला सरदार बदरुज्जमानखान होता. मदतीला कॅप्टन लिटल याच्या हाताखालची मुंबईची इंग्रजी पलटण होती. तोफा अपुऱ्या, दारूगोळा वेळेवर येत नाही, अशा अडचणींत वेढा सहा महिन्यांहून अधिक काळ चालला आणि १७९१ च्या एप्रिलमध्ये किल्ला हाती आला. लिटलच्या पलटणीतील एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने या मोहिमेवर पुढे एक ग्रंथ लिहिला. त्यात मराठी छावणीचे अतिशय बारकाईने केलेले वर्णन आढळते. हिंदू देवदेवतांवरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा मूर तो हाच.

धारवाड पडल्यावर मराठी फौजा दक्षिणेकडे सरकल्या. मे महिन्याच्या अखेरीस हरिपंत फडके आणि भाऊ श्रीरंगपट्टणजवळ पोहोचले, तेव्हा लॉर्ड कॉर्नवॉलिसचे सैन्य उपासमारीने गांजून, आपल्या अवजड तोफा स्वतःच निकामी करून माघारी निघाले होते. मराठी छावणीबरोबर चालणाऱ्या भरल्या बाजाराने त्या सैन्याला अन्न मिळाले.

मात्र याच वर्षी पटवर्धनांच्या नावाला एक मोठा डाग लागला. फौजेबरोबर फिरणाऱ्या पेंढारी आणि लमाणांच्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. आद्य शंकराचार्यांनी स्थापलेल्या चार पीठांपैकी हे एक. रघुनाथराव पटवर्धनांच्या तुकडीकडे या लुटीचे बोट जाते. शारदेची मूर्ती स्थानभ्रष्ट झाली, माणसे मारली गेली, मठाची मालमत्ता गेली आणि तेव्हाचे शंकराचार्य तिसरे सच्चिदानंद भारती यांना कारकळला आश्रय घ्यावा लागला. त्यांनी टिपू सुलतानाला कळवले आणि टिपूने मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी पैसा व साहित्य देण्याचे हुकूम आपल्या अधिकाऱ्यांना सोडले. टिपूची स्वामींना लिहिलेली कन्नड पत्रे मठात सुरक्षित राहिली आणि १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याच्या रा. नरसिंहाचार यांनी ती उजेडात आणली. पुण्याला बातमी पोहोचताच दरबारानेही भाऊंना लुटीचा माल परत करून भरपाई करण्यास फर्मावले.

या घटनेचा हवाला आज वेगवेगळ्या बाजूंनी दिला जातो आणि प्रत्येक जण आपापल्या सोयीचा निष्कर्ष काढतो. भाऊंच्या चरित्रात तिचा अर्थ वेगळा आहे. तासगावला वीस वर्षे गणपतीचे मंदिर बांधणारा, सोवळे-ओवळे पाळणारा सरदार. आणि त्याच्याच घराण्याच्या फौजेबरोबरच्या लोकांनी हिंदूंचे एक आद्यपीठ लुटले. लूट भाऊंच्या हुकमाने झाली नाही हे मान्य केले, तरी पगाराऐवजी लुटीवर पोसलेल्या टोळ्या सोबत बाळगण्याची जबाबदारी सेनापतीवर येतेच. धर्मपीठाचे द्रव्य त्या काळच्या शस्त्रबळाला सहज लुटता येत होते. धर्मपंडितांचा एक नकार मात्र त्याच शस्त्रबळाला मोडता आला नव्हता.

पुढे श्रीरंगपट्टणच्या वेढ्यासाठी साऱ्यांनी एकत्र यावे असे ठरले असतानाही भाऊ बिदनूरच्या रोखाने वळले. १७९२ च्या आरंभी शिमोगा हाती आले. मार्चमधील तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले आणि मराठ्यांची हद्द पुन्हा तुंगभद्रेला भिडली.

शपथ आणि दत्तक

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला. मराठ्यांच्या साऱ्या सरदारांनी एका झेंड्याखाली लढलेली ही शेवटची मोठी लढाई. शिंदे, होळकर, भोसले अशा मातब्बरांच्या फौजा असताना सरसेनापतिपद भाऊंना मिळाले. या लढाईत पठाणांच्या हल्ल्यात ते जखमीही झाले. यशाचा हा आनंद फार टिकला नाही. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्यात गच्चीवरून खाली पडून दगावले. त्यांना मूल नव्हते.

गादीचा हक्क राघोबादादांच्या मुलांकडे जात होता आणि तेच नाना फडणिसांना नको होते. दुसरे बाजीराव शिवनेरीवर नजरकैदेत होते. बराच खल झाल्यावर बाजीरावांनाच आणण्याचे ठरले आणि त्यांना घेऊन येण्यास भाऊ शिवनेरीवर गेले. बाजीरावांचा विश्वास बसेना, तेव्हा भाऊंनी गाईचे शेपूट हातात धरून, गोदावरीची शपथ वाहून दगा नसल्याची खात्री दिल्याचे ग्रँट डफने नमूद केले आहे. पुढे काही आठवड्यांतच फासे पलटले. शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या यांच्याशी संगनमत करून भाऊंनी बाजीरावांऐवजी त्यांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा यांना गादीवर बसवण्याच्या बेताला साथ दिली. चिमाजीअप्पांना सवाई माधवरावांच्या विधवा पत्नी यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देण्यात आले. १७९६ च्या उन्हाळ्यात त्यांना पेशवाईची वस्त्रेही मिळाली.

आता या दत्तकाकडे बारकाईने पाहावे. चिमाजीअप्पा राघोबादादांचे पुत्र. नारायणराव त्यांचे चुलत बंधू आणि सवाई माधवराव त्यांचे पुतणे. म्हणजे चुलता पुतण्याचा मुलगा होत होता. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा सरळसरळ विपरीत प्रकार होता. तरीही विधी झाला, मंत्र म्हटले गेले, दक्षिणा वाटली गेली. नाना फडणिसांनी महाडला बसून डाव उलटवला. बाळोबा पकडले गेले, भाऊ चिमाजीअप्पांना घेऊन जुन्नरच्या दिशेने निसटले. पण लवकरच त्यांनाही कैद झाली. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव गादीवर बसले. लगेच शास्त्र्यांना तेच दत्तकविधान अशास्त्र असल्याचे आढळले आणि ते रद्द ठरले.

एका वर्षात शास्त्र दोनदा वाकले आणि दोन्ही वेळा ते फौजा ज्या दिशेला होत्या त्याच दिशेला वाकले. ज्यांच्या मुलीसाठी शास्त्राला तसूभर हलता आले नाही, त्याच भाऊंच्या राजकारणासाठी ते चुलत्याला मुलगा करण्यापर्यंत गेले. गादीचा प्रश्न निघाला की आधार सापडत होता, पळवाट निघत होती, प्रायश्चित्तही सुलभ होत होते. एका विधवा मुलीचा प्रश्न निघाला की लोकाचार आडवा येत होता. भाऊंच्या मनात या दोन प्रसंगांची तुलना कधी आली असेल काय, हे कोणाला सांगता येणार नाही. वाचकाच्या मनात ती आल्यावाचून राहत नाही.

पट्टणकुडीचे रण

भाऊंच्या पडत्या काळात कोल्हापूरकरांनी जुने वैर उगवून घेतले. तासगावावर चाल करून त्यांनी गाव लुटले आणि भाऊंचा वाडा जाळला. सरंजामाच्या मुलखात कोल्हापूरची ठाणी बसू लागली. १७९८ साली साताऱ्याचे छत्रपती दुसरे शाहू यांनी पेशव्यांच्या पकडीतून सुटण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो मोडून काढण्यासाठी पुण्याला पुन्हा भाऊंचीच आठवण झाली. कैदेतून सुटका होऊन भाऊ साताऱ्यावर चालून गेले आणि किल्ला त्यांनी घेतला. पेशव्यांच्या चाकराने छत्रपतींच्याच गादीवर शस्त्र धरण्याचा हा प्रसंग त्यांच्या चरित्रात भूषणाचा म्हणता येत नाही. छत्रपतींचे शूर बंधू चतुरसिंग भोसले कोल्हापूरकडे निसटले आणि कोल्हापूरच्या फौजेला नवे बळ मिळाले.

त्याच फौजेशी १७९९ च्या सप्टेंबरात निपाणीजवळच्या पट्टणकुडी येथे गाठ पडली. साठीला टेकलेले भाऊ जातीने रणात होते. लढाईत पराभव झाला आणि भाऊ धारातीर्थी पडले. पुत्र रामचंद्ररावांनी शिंद्यांच्या पलटणी आणून कोल्हापूरला वेढा घातला. पण १३ मार्च १८०० रोजी नाना फडणीस वारले, पुण्याचे राजकारण पालटले आणि वेढा उठला. पुढे घराण्याच्या वाटण्या झाल्या. जमखंडी रामचंद्ररावांकडे गेली, तासगाव दुसरे पुत्र गणपतरावांकडे राहिले. औरस वारस न उरल्याने १८४८ साली इंग्रजांनी तासगाव खालसा केले. संस्थान गेले, मंदिर आणि रथ राहिले.

उरलेला प्रश्न

भाऊंनी सोडून दिलेला प्रश्न मात्र संपला नाही. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. १८६५ साली विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली आणि १८६९ साली तिच्या प्रयत्नाने एक पुनर्विवाह प्रत्यक्ष घडून आला. त्यात भाग घेणाऱ्यांवर ग्रामण्य झाले, बहिष्कार पडला. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही त्याची झळ लागली. कायदा इंग्रज सरकारचा होता, तरी पंगतीचा निकाल बदलायला आणखी दोन पिढ्या लागल्या. परशुरामभाऊंचा दाखला सुधारकांनी या वादात आवर्जून पुढे केला. पेशवाईतला इतका मोठा सरदार मुलीचे लग्न करायला निघाला होता आणि काशीने संमती दिली होती, हे त्यांना सांगता आले. भाऊंची माघारही अशी कोणाच्या तरी उपयोगी पडली.

धर्मपीठाशी उघड झगडा करणारा राजा पुढे याच परिसरात झाला, तो ज्या कोल्हापूरच्या गादीशी भाऊ मरेपर्यंत लढले त्याच गादीवर. वेदोक्त प्रकरणात राजर्षी शाहू महाराजांनी राजोपाध्यांची वतने जप्त केली आणि १९२० साली शंकराचार्यांच्या अधिकाराला पर्याय म्हणून सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू नेमले. आठव्या हेन्रीच्या मार्गाच्या अगदी जवळ जाणारे असे हे पाऊल होते. त्याआधी १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदाही केला. शाहू महाराजांना हे जमले, त्याला त्यांचे धैर्य कारण होते, तसेच त्यांच्यामागे उभा असलेला बहुजन समाजही. त्यांना ज्या पंगतीतून उठवण्याची भीती घालता आली असती, त्या पंगतीवर त्यांचा मान अवलंबून नव्हता. भाऊंच्या मागे असा समाज नव्हता. बापाचे काळीज आणि एकाकी इच्छा एवढेच त्यांच्याजवळ होते.

म्हणून भाऊंना भित्रे ठरवण्याची घाई करू नये आणि सुधारक म्हणून त्यांचा गौरव करण्याचीही गरज नाही. त्यांनी प्रश्न विचारला, उत्तर अनुकूल आले आणि तरीही ते पाऊल टाकू शकले नाहीत, एवढे सत्य पुरेसे आहे. त्या माघारीची किंमत त्यांना स्वतःला द्यावी लागली नाही. त्यानंतरही त्यांनी किल्ले घेतले, खर्ड्याचा मान मिळवला, मंदिर उभे केले. किंमत त्या मुलीने दिली, आयुष्यभर. ऋषिपंचमीला रथ निघतो तेव्हा गोपुराकडे पाहताना तासगावकरांना भाऊ आठवतात. त्याच वेळी तिचीही आठवण कोणीतरी काढावी.